भरतीची वीज आणि समुद्राच्या उबेची वीज

जुलैतल्या उधाणाला मरीन ड्राइव्हचा कठडा ओलांडून पाणी रस्त्यावर आलं की शेजारी उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "एवढ्या पाण्यावर वीज का नाही करत हे?" त्याच्या डोळ्यांपुढे हलणारं पाणी असतं. समुद्राच्या उष्णतेपासून होणाऱ्या विजेला पाणी हलो वा न हलो, काही फरक पडत नाही. (लाटांची वीज तिसरीच, ती आज राहू दे.)

भरतीचं पाणी बांधाआड अडवायचं आणि ओहोटीला टर्बाइनमधून सोडायचं. फ्रान्समध्ये रान्स नदीच्या मुखाशी १९६६ पासून २४० मेगावॅटचं असं केंद्र आहे. मुंबईत भरतीचं वेळापत्रक पंचांगातच मिळतं: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास, चतुर्थीला तीनच्या सुमारास. पण पाणी थबकलं की वीजही थबकते, आणि अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीत फारसा फरक नसतो तेव्हा, ती रोडावते.

उबेचं गणित वेगळं. उष्ण कटिबंधात वरचं पाणी २६-२८ अंश, हजार मीटर खाली चार-पाच. अमोनिया एरवी उणे ३३ अंशांनाच उकळतो, त्यामुळे त्याची वाफ करायला वरचं कोमट पाणी पुरतं. त्या वाफेवर टर्बाइन फिरतं, आणि खालून ओढलेलं गार पाणी वाफेचा पुन्हा द्रव करतं. कार्यक्षमता जेमतेम तीन टक्के, त्यातही पंपांचा वाटा जातो. तरी इंधन फुकट, आणि रात्र असो, ढग असोत, भांग असो, वीज चालू. शिवाय ते गार पाणी वाया जात नाही. मे महिन्यात फ्रीजमधल्या बाटलीला बाहेरून घाम फुटतो, त्याच रीतीने त्यावर समुद्राच्या कोमट पाण्याची वाफ धरून गोडं पाणी मिळतं. लक्षद्वीपच्या कवरत्तीत २००५ पासून रोज लाखभर लिटर पाणी असं काढतात, तिथे वीज करत नसले तरी.

हे मुंबईला का नाही? बॉम्बे हायचं तेलक्षेत्र किनाऱ्यापासून १६० किलोमीटरवर, तरी तिथे पाणी पाऊणशे मीटरच खोल. हजार मीटरची खोली त्याच्याही पुष्कळ पुढे. तिथून पाइप आणायचा, तर तुतिकोरिनजवळचा एक मेगावॅटचा प्रयोग पाइप बसवतानाच फसला होता. कवरत्तीला मात्र प्रवाळाच्या कडेपलीकडे लगेच खोल पाणी लागतं.