पावसात आणि छपराखाली ड्रोन का गोंधळतो?

ड्रोन भिजला की आधी मोटर जळेल, असं आपल्याला वाटतं. खरं तर मोटर बरीच चिवट असते. ड्रोनच्या ब्रशलेस मोटरमध्ये घासणारे ब्रश नसतात, तांब्याच्या तारेवर वीजरोधक इनॅमल चढवलेलं असतं. ती भिजूनही फिरते. पुढे बेअरिंग गंजतं ते वेगळं. नाजूक असतात ते सर्किट बोर्ड आणि सेन्सर. पाण्यातले क्षार विजेला भलतीच वाट काढून देतात. कोकण किनाऱ्यावर तर त्यासाठी पावसाचीही गरज नाही, खारी हवा पुरते.

त्यातही सेन्सर फसला तर पंचाईत मोठी, कारण ड्रोन सतत 'मी नेमका कुठे आहे?' याचाच हिशेब करत असतो. उंची त्याला बॅरोमीटर, म्हणजे हवेचा दाब मोजणारा सेन्सर, सांगतो. समुद्रसपाटीजवळ एक मीटर वर गेलं की हवेचा दाब जेमतेम १२ पास्कलने उतरतो. एकूण दाब एक लाखाच्या वर! बॅरोमीटरच्या इवल्या छिद्रावर थेंब बसला, तर हिशेब चुकलाच म्हणायचा. छपराखाली हेच काम एखादं धाडकन मिटलेलं दारही करू शकतं.

मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये तर अडचणींची रांगच लागते. २०,२०० किलोमीटरवरच्या उपग्रहांचा मुळातच क्षीण असलेला जीपीएस संदेश स्लॅबमधून नीट पोचत नाही. स्लॅबमधल्या सळ्या होकायंत्राला चकवतात. उरतो पोटाखालचा कॅमेरा. जमिनीवरच्या खुणा किती सरकल्या, यावरून तो जागा धरून ठेवतो. चकचकीत फरशीवर खुणा नसतात, असतात ती झुंबरांची प्रतिबिंबं. ओल्या रस्त्यावरही तीच गत. शिवाय ड्रोन छताच्या फार जवळ गेला की त्याच्या पंख्यांना वरून पुरेशी हवा मिळत नाही, पंखे आणि छत यांच्या मधला दाब घटतो आणि तो वर खेचला जातो. पाहुण्यांच्या डोक्यावर असले प्रयोग करूच नयेत, असं माझं मत.

पाऊसरोधक ड्रोन मिळतात. डीजेआय या ड्रोन कंपनीच्या मॅट्रिस ३५० ला धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा आयपी५५ दर्जा आहे. त्यातला दुसरा पाच पाण्याच्या फवाऱ्यापासून संरक्षण दाखवतो. पण ही चाचणी गोड्या पाण्याची, नव्या यंत्राची. रबरी सील झिजल्यावर त्या आकड्यावर विसंबू नये.

ओल आणि छप्पर, दोन्ही एकत्र भेटली ती जपानमधल्या फुकुशिमाच्या अणुऊर्जा प्रकल्पात. फेब्रुवारी २०२४ मध्ये टेप्को या तो प्रकल्प सांभाळणाऱ्या वीज कंपनीने तिथल्या पहिल्या अणुभट्टीच्या संरक्षक कवचात छोटे ड्रोन धाडले. आत काळोख, ठिबकणारं पाणी आणि किरणोत्सर्ग. जीपीएसचा प्रश्नच नाही. म्हणून दूर बसलेले चालक ड्रोनच्याच कॅमेऱ्यातून बघत ते उडवत होते. जाड भिंतींपुढे रेडिओ संदेश टिकेना, तेव्हा तो पुढे पोचवायला सापासारखा एक रोबो आत सोडला होता. दुसऱ्या दिवशी बिघडला तो हा रोबोच, आणि ड्रोन धडधाकट असूनही काम थांबलं. पुढची उड्डाणं मार्चमध्ये झाली.