पुस्तकातलं उत्तर बरोबरच आहे

दहावीच्या पालकांसाठी

वर्गसमीकरणं सुरू झाली की रात्री दहा-साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर वह्यांचे फोटो येऊ लागतात. "सर, पोराचं उत्तर 60 येतंय, पुस्तकात 45 दिलंय. छपाईची चूक आहे का?" प्रत्येकाला वेगळं समजावता समजावता दुसऱ्या दिवशीची तयारी राहून जाते, म्हणून हे पत्रक.

सातारा-फलटण अंतर हिशोबाच्या सोयीसाठी 60 किमी धरा. एसटीचा वेग ताशी 15 किमीने वाढवला तर गाडी 20 मिनिटं लवकर पोहोचते. मूळ वेग किती?

मूळ वेग क्ष मानला की 60/क्ष − 60/(क्ष + 15) = 20 मिनिटं. इथवर बहुतेक मुलं नीट येतात. मग 20 मिनिटांचे 0.20 तास करतात आणि तिथेच घात होतो. तास 60 मिनिटांचा, म्हणून 20 मिनिटं म्हणजे 1/3 तास. 0.20 तास म्हणजे जेमतेम 12 मिनिटं.

खरी गोम पुढे आहे. 1/3 घेतलं की क्ष² + 15क्ष = 2700, उत्तर 45. 0.20 घेतलं की उजवीकडे 4500 आणि उत्तर चक्क 60! वेडंवाकडं दशांश उत्तर आलं असतं तर पोराला शंका तरी आली असती. ताळा करायला अर्धं मिनिट पुरतं: ताशी 45 ने 80 मिनिटं, ताशी 60 ने 60 मिनिटं, फरक 20. (दुसरं उत्तर −60; वेग ऋण नसतो म्हणून सोडलं, हे वाक्य मात्र लिहायलाच हवं.)

"तक्ते कसले काढता, सूत्र पाठ करून घ्या की," असं काही पालक म्हणतात. अहो, सूत्र पोरांना केव्हाच पाठ असतं. आम्ही अंतर, वेग, वेळ असे तीन रकाने आखून घेतो, प्रत्येकाच्या डोक्यावर एकक. वेळेच्या रकान्यात मिनिटं दिसली की समीकरण मांडूच देत नाही. पहिले दोन-तीन दिवस मुलं वैतागतात, हे खरं. पोलीस भरतीवाल्यांना झटपट रीती शिकवतो, पण त्याही रकाने जमल्यावरच.

तेव्हा फोटो उत्तराचा नको, रकान्यांचा पाठवा. आणि रात्री नऊच्या आत. रविवारी सकाळी 8 ते 10 फक्त याच गणितांचा वर्ग असतो. आमच्याकडे नसलेल्या मुलांनीही एकदा बसून पाहावं, त्या दिवसाची फी नाही. येताना चाचणीची तपासलेली उत्तरपत्रिका आणावी.