सीई-7.5 आणि सीई-20: धाकटा-थोरला नव्हे

इस्रोच्या या दोन क्रायोजेनिक (अतिथंड द्रव इंधनावरच्या) रॉकेट-इंजिनांच्या नावातला आकडा म्हणजे साधारण टनांतला रेटा, म्हणजे ढकलणारा जोर. त्यामुळे पहिलंच इंजिन मोठं करून दुसरं केलं, असा समज सर्रास दिसतो. दोन्हींत जळतं तेच: द्रवरूप हायड्रोजन आणि ऑक्सिजन. साम्य जवळपास तिथेच संपतं.

सीई-7.5चं मूळ सोव्हिएत. एन-1 या चांद्र-रॉकेटाच्या सुधारित आवृत्तीसाठी आखलेलं, पण त्यावर कधीच न उडालेलं इंजिन 'केव्हीडी-1' नावाने आपल्या जीएसएलव्ही या रॉकेटावर आलं. करारानुसार तंत्रज्ञानही मिळणार होतं. अमेरिकेने मोडता घातला, 1993मध्ये रशिया मागे हटला आणि हाती आले ते फक्त इंजिनासह तयार रॉकेट-टप्पे. मग इस्रोने त्याच धर्तीवर आपलं इंजिन घडवलं.

पद्धत अवघड, 'स्टेज्ड कम्बशन'. छोट्या कक्षात भरपूर हायड्रोजन अर्धवट जाळायचा, त्या वायूवर पंप चालवणारं टर्बाइन फिरवायचं आणि तोच वायू मुख्य कक्षात पुन्हा जाळायचा. वाया काही जात नाही, म्हणून विशिष्ट आवेग (इंधनातून किती रेटा मिळतो त्याचं माप) तब्बल 454 सेकंद. पण सगळं एकमेकांत गुंतलेलं. एप्रिल 2010च्या उड्डाणात हायड्रोजनचा बूस्टर टर्बोपंप (इंधन पुढे ढकलणारा मदतनीस पंप) सुरू होऊन थांबला आणि मोहीमच गेली. यश आलं 5 जानेवारी 2014ला.

सीई-20 हे एलव्हीएम3 या इस्रोच्या जास्त ताकदीच्या रॉकेटासाठी नव्याने आखलेलं. इथे 'गॅस जनरेटर' पद्धत: थोडं इंधन बाजूला जाळून टर्बाइन फिरवायचं आणि तो वायू सरळ बाहेर सोडायचा. आवेग घटून सुमारे 442 सेकंदांवर येतो. कागदावर ही पीछेहाट. मला मात्र हा सौदा शहाणपणाचा वाटतो, कारण पंप, जनरेटर, ज्वलनकक्ष वेगवेगळे तपासता येतात. पहिलं उड्डाण, 5 जून 2017चं, पहिल्याच फटक्यात जमलं.

ओळखायची सोपी खूण हवी असेल तर दिशा कशी बदलते ते पाहा. सीई-7.5चं मुख्य इंजिन स्थिर, शेजारची दोन छोटी इंजिनं वळतात. सीई-20 स्वतःच वळतं.

आता जुळवून घ्यायची पाळी सीई-20ची आहे, गगनयानासाठी. रेटा 22 टनांपर्यंत वाढवला आहे. मानवी उड्डाणाच्या पात्रतेसाठी चार इंजिनं 39 चाचण्यांत मिळून 8,810 सेकंद चालवली. किमान अट होती 6,350 सेकंदांची. हे काम फेब्रुवारी 2024मध्ये तमिळनाडूतल्या महेंद्रगिरीच्या चाचणी केंद्रात पुरं झालं.