पायी चालताना गाडीने उडवले तर: भरपाईचा दावा आणि तो अडतो कुठे

रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याला चारचाकीने धडक दिली, तर त्याचा स्वतःचा विमा नसला तरी त्या गाडीच्या तृतीय पक्ष विम्यातून (गाडीमुळे इतरांना झालेल्या इजेसाठी असलेल्या विम्यातून) भरपाई मागण्याचा हक्क त्याला आहे. मृत्यू झाल्यास तो वारसांकडे जातो. दावा मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात, म्हणजे व्यवहारात जिल्हा न्यायालयात, दाखल होतो. धडक पांढरकवड्याजवळ ४४ क्रमांकाच्या महामार्गावर बसली आणि गाडी तेलंगणाची निघाली, तरी अर्जदाराला आपल्या राहत्या जिल्ह्यातच दावा करता येतो.

मुदत अपघाताच्या तारखेपासून सहा महिने आहे. १ एप्रिल २०२२ पासून हे लागू आहे, तरीही अनेक जण ती दवाखान्यातून सुटी झाल्यापासून किंवा दोषारोपपत्रापासून मोजतात. पोलिसांनी ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाला द्यावा आणि तोच अर्ज मानला जावा अशी तरतूद आहे खरी, पण त्या भरवशावर कापसाचा हंगाम उरकत बसू नये. मुदतीच्या कलमाला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलेले असल्याने उशीर झालेल्यांनीही वकिलाला विचारल्याशिवाय दावा सोडू नये.

अनेक दावे अडतात ते पहिल्या दिवशीच्या केसपेपरवर. गाडीवाला शेजारच्या गावचा असतो, ग्रामीण रुग्णालयात सोबत येतो, ‘खर्च मी करतो, पोलिस केस नको’ म्हणतो, आणि केसपेपरवर ‘घरी पाय घसरून पडल्याने मार’ अशी नोंद होते. पुढे पायात रॉड टाकायला नागपूरच्या मेडिकलमध्ये (शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) जावे लागते, तेव्हा त्याचा फोन लागत नाही आणि विमा कंपनीचा वकील नेमका तोच कागद पुढे करतो. म्हणून डॉक्टरांना गाडीची धडक बसल्याचे स्पष्ट सांगावे, ते तसेच लिहिले का हे वाचून किंवा वाचवून घ्यावे, आणि गुन्हा नोंदवून एफआयआरची प्रत घ्यावी. फिर्याद देणाऱ्याला ती मोफत मिळते.

दुसरा अडथळा उत्पन्नाचा. मजुराकडे पगारपत्रक नसते, म्हणून तो तहसीलचा उत्पन्नाचा दाखला जोडतो, आणि तो दाखला एखाद्या योजनेसाठी काढलेला, वर्षाला २१ हजारांचा असतो. सरकारनेच गरिबाला उत्पन्न कमी दाखवायची सवय लावली आहे, पण भरपाईचा हिशेब उत्पन्नावरून होत असल्याने तीच सवय इथे भोवते. त्याऐवजी सातबारा, बाजार समितीच्या विक्रीपट्ट्या, रोजगार हमीचे जॉब कार्ड, जिनिंगमधील हजेरीचा कागद असे जे खरे आहे ते जोडावे. काहीच नसेल, तर न्यायाधिकरण किमान वेतनाच्या दरांचा आधार घेऊ शकते.

वयाचा पुरावाही पैशाचा प्रश्न आहे. मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वाच्या दाव्यात ४६ ते ५० वयाला गुणक, म्हणजे वार्षिक उत्पन्नाला ज्याने गुणतात तो वयानुसारचा आकडा, १३ आहे, तर ५१ ते ५५ ला ११. आधार कार्डावर अनेकांची जन्मतारीख अंदाजाने १ जानेवारी टाकलेली असते. २०२४ मध्ये अशाच एका अपघात दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. अपंगत्वाचे प्रमाणपत्र जिल्हा सामान्य रुग्णालयातून घ्यावे आणि औषधांची मूळ बिले जपावीत.

गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही, तर अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करायचा असतो. मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी ५० हजार रुपये मिळतात, आणि हाड मोडणे ही कायद्याने गंभीर दुखापतच आहे. एफआयआर, वैद्यकीय अहवाल किंवा शवविच्छेदन अहवाल, ओळखपत्रे आणि पासबुकाची प्रत लागते. ‘हे आमच्याकडे नाही, आरटीओकडे जा’ असे टेबलावरून सांगितले गेले, तर वाद न घालता अर्ज आवक विभागात द्यावा आणि आपल्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परतू नये.

वकिलासाठी तालुका विधी सेवा समितीकडे जावे. महिला, अनुसूचित जाती आणि जमातीच्या व्यक्तींना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. मिळणाऱ्या रकमेत टक्केवारी ठरवून घेणे वकिलांना नियमाने मनाई आहे, त्यामुळे तसा करार मागणाऱ्याला किंवा कोऱ्या कागदावर अंगठा मागणाऱ्या मध्यस्थाला नकार द्यावा.