समुद्र ओढणारं रबरी चाक

शिडाच्या बोटीवरचं डिझेल इंजिन सुरू झालं की जाणता माणूस आधी कठड्यावरून वाकून एक्झॉस्टचं, म्हणजे धूर बाहेर टाकणाऱ्या नळाचं तोंड बघतो. धुराबरोबर, इंजिन थंड करून आलेल्या समुद्राच्या पाण्याच्या चुळा बाहेर पडत असल्या की ठीक. आवाज घोगरा, कोरडा वाटला आणि पाण्याऐवजी वाफ आली, तर इंजिन तिथल्या तिथे बंद करावं. तापमानाच्या काट्याची वाट बघू नये. तो बऱ्याचदा उशिरा हलतो आणि तोवर एक्झॉस्टचा रबरी नळ भाजून निघतो.

डिझेल जळून निघणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, तेवढाच धुरावाटे जातो आणि जवळपास तेवढीच उष्णता थंड करणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते. समजा, इंजिन 20 किलोवॉट शक्ती देतंय आणि मिनिटाला 20 लिटर समुद्राचं पाणी फिरतंय. मग ते पाणी सुमारे 15 अंशांनी तापेल. प्रवाह निम्म्यावर आला तर 30 अंशांनी. समुद्र 28 अंशांवर असेल तर बाहेर पडणारं पाणी 58 अंशांचं. इतक्या तापलेल्या खाऱ्या पाण्यातले क्षार नळ्यांच्या आत थर धरू लागतात, त्या थराने प्रवाह आणखी घटतो आणि दुष्टचक्र सुरू होतं.

हे पाणी ओढतो तो रॉ-वॉटर पंप. त्याचा जीव मुठीत मावेल एवढ्या रबरी चाकात, म्हणजे इम्पेलरमध्ये असतो. पंपाचं घर पुरतं गोल नसतं. आत एका बाजूला कॅम नावाचा उंचवटा असतो. त्याच्यापाशी आलं की पातं वाकतं, दोन पात्यांमधली जागा आक्रसते आणि पाणी बाहेर ढकललं जातं. उंचवटा ओलांडला की पातं उलगडतं, जागा वाढते, आतला दाब उतरतो आणि बाहेरच्या हवेचा दाब समुद्राचं पाणी नळीतून वर लोटतो. म्हणून हा पंप आधी पाणी भरून न ठेवताही पाणी उचलतो. त्यासाठी पात्यांची टोकं सतत धातूला घासत राहतात आणि त्यांना वंगण असतं ते फक्त पाण्याचं. पाणी नसेल तर अर्ध्या-एक मिनिटातही रबर करपू शकतं.

बरेच इम्पेलर मरतात ते सी-कॉक, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेणारा बोटीच्या तळाजवळचा कॉक, उघडायला विसरल्यामुळे. इंजिनची किल्ली सी-कॉकच्या दांड्याला अडकवून ठेवणं हा यावरचा सर्वांत स्वस्त उपाय. दुसरं कारण म्हणजे शेवाळाने तुंबलेली पाण्याची गाळणी किंवा पाणी आत येण्याच्या तोंडाला चिकटलेली प्लास्टिकची पिशवी. गाळणी जलरेषेच्या वर असेल, तर झाकणाची रबरी रिंग कडक झाल्यावर तिथून हवा ओढली जाते. ही खोड लवकर सापडत नाही, कारण पाण्याचा थेंबही गळत नाही.

इम्पेलर बदलायला वेळ लागतो तो मुख्यतः पंपापर्यंत हात पोचायला. सी-कॉक बंद करून झाकणाचे स्क्रू काढताना खाली फडकं धरा. बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात पडलेला स्क्रू परत मिळत नाही. काही पंपांत इम्पेलर छोट्या स्क्रूने पंपाच्या फिरत्या दांड्याला बांधलेला असतो, तो आधी सैल करा. मग पुलरने किंवा पक्कडीने इम्पेलर सरळ बाहेर ओढा. दोन स्क्रू-ड्रायव्हर खुपसून उचकटलं तर घराच्या कडेला ओरखडे पडतात.

जुना इम्पेलर लगेच फेकू नका. टोकं चकचकीत, करपलेली असतील तर पंप कोरडा चालला आहे. बुडाशी भेगा असतील तर वय झालंय. रबर फुगून मऊ पडलं असेल तर तेलाचा संपर्क झालाय. पाती मोजा. एखादं कमी असेल तर तो तुकडा पुढच्या नळीत, नाहीतर हीट एक्स्चेंजरच्या (समुद्राच्या पाण्याने इंजिनमधलं पाणी थंड करणाऱ्या भागाच्या) तोंडाशी अडकलेला असतो. तो काढल्याशिवाय नवा इम्पेलर बसवणं म्हणजे अर्धंच काम.

झाकणाच्या आतल्या बाजूवर नख फिरवा. खाचेत अडकलं तर सपाट काचेवर ओला पॉलिश पेपर ठेवून झाकण घासून घ्या. बाहेरची बाजू कोरी असेल तर उलटं बसवलं तरी चालतं. इम्पेलर आणि झाकण यांच्यात फट वाढली की पंपाची ओढ जाते. झाकणाखालचं गॅस्केट, म्हणजे पातळ पत्रं, ठरलेल्या जाडीचंच हवं ते याचसाठी. सिलिकॉन फासणं म्हणजे ती जाडी नशिबावर सोडणं. नवा इम्पेलर ग्लिसरीन लावून, पाती फिरण्याच्या उलट दिशेला झुकवून बसवा. ग्रीस नको. स्क्रू समोरासमोरचे, हलक्या हाताने आवळा. पितळेचे आटे पटकन जातात.

पंपाच्या पोटाला एक बारीक छिद्र असतं. तिथे मिठाची पांढरी पुटं दिसली तर पाण्याचं सील (पाणी अडवणारी दांड्याभोवतीची रिंग) गेलंय, तेल दिसलं तर तेलाचं. ते छिद्र बुजवू नये. इंजिनच्या गिअरवर चालणाऱ्या पंपात ते बुजवलं, तर वाट न मिळालेलं पाणी इंजिन ऑइलमध्ये शिरतं आणि ऑइल दुधाळ होतं. नवं सील बसवताना दांडाही बघा. जुन्या सीलने खाच पाडली असेल तर नवं सीलही लवकरच गळेल.

इम्पेलर वर्षातून एकदा बदलावा, तास कमी झाले असले तरी. बोट काही महिने उभी राहणार असेल तर तो काढूनच ठेवावा, नाहीतर कॅमपाशी दबलेली पाती तशीच वाकडी राहतात. काढलाय हे लिहून चिठ्ठी मात्र किल्लीला बांधा.

सी-कॉक उघडा हवा, या नियमाला एक अपवाद आहे. इंजिन सुरू होत नाही आणि स्टार्टर पुन्हा पुन्हा मारावा लागतोय, तेव्हा पंप पाणी ढकलतच असतो; पण ते बाहेर लोटायला धूर नसतो. एक्झॉस्टच्या वाटेवरचा, पाणी साठवणारा डबा भरतो आणि पाणी उलटं सिलिंडरमध्ये शिरू शकतं. अशा वेळी सी-कॉक बंद ठेवून स्टार्टर मारायचा आणि इंजिनने पकड घेताच तो उघडायचा. एक माणूस किल्लीपाशी, दुसरा सी-कॉकपाशी.