जुन्या वर्कस्टेशनवर लिनक्स: मशीन आमच्याकडे आणण्यापूर्वी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा सपोर्ट संपला. तुमचे मशीन विंडोज ११ घेत नसेल, तरी लिनक्स या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर ते आणखी काही वर्षे सहज चालेल. फक्त हार्ड डिस्कचे पार्टिशन (डिस्कचे वेगवेगळे भाग) आधीच विचार करून ठरवायला हवे. डेटा भरल्यावर ते बदलणे किचकट आणि जोखमीचे असते.

बॅकअप वेगळ्या डिस्कवर घ्या. सी ड्राइव्हमधल्या फाइली डी ड्राइव्हवर टाकल्या तर त्याला बॅकअप म्हणत नाहीत, कारण बहुतेक मशीनमध्ये दोन्ही एकाच डिस्कवर असतात.

जुन्या बायोसच्या (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम) मशीनवर डिस्क बहुधा एमबीआर पद्धतीची (पार्टिशनची नोंद ठेवण्याची जुनी पद्धत) असते आणि तिच्यावर चारच प्रायमरी म्हणजे मुख्य पार्टिशन बसतात. ब्रँडेड मशीनवर विंडोजचे छोटे बूट पार्टिशन, सी, डी आणि कंपनीचे रिकव्हरी असे चार आधीच भरलेले असतात. मग दोनशे जीबी मोकळे दिसत असूनही इन्स्टॉलर ती जागा घेत नाही. अशा वेळी तुम्हाला विचारून एक पार्टिशन काढतो आणि तिथे एक्स्टेंडेड (ज्याच्या आत आणखी भाग करता येतात असे पार्टिशन) करून त्यात लॉजिकल पार्टिशन, म्हणजे ते आतले भाग, बनवतो. लॉजिकलचे नंबर ५ पासून सुरू होतात, त्यामुळे यादीत २ नंतर एकदम ५ दिसला तर काही हरवलेले नाही.

पूर्ण डिस्क लिनक्सला द्यायची असेल तर आम्ही जीपीटी (एमबीआरच्या जागी आलेली नवी पद्धत) करतो. बायोसच्या मशीनवर त्यात १ एमबीचे एक रिकामे पार्टिशन दिसेल. ते ग्रबसाठी (लिनक्स सुरू करणारा प्रोग्रॅम) आहे. फुकट जागा समजून उडवू नका, मशीन बूट होणार नाही.

५०० जीबीच्या डिस्कवर आमची नेहमीची मांडणी: रूटला (जिथे सिस्टीम बसते) ४० जीबी, स्वॅप (रॅम कमी पडल्यावर वापरायची डिस्कवरची जागा) रॅमपेक्षा थोडे जास्त (हायबरनेट, म्हणजे चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करणे, वापरत नसाल तर ४ जीबी पुरे), उरलेले सगळे होमला (जिथे तुमच्या फाइली राहतात). होम वेगळे ठेवण्याचा आमचा आग्रह असतो. पुढे सिस्टीम बिघडली किंवा नवी आवृत्ती टाकायची झाली, तर फक्त रूट फॉरमॅट होते आणि तुमची बिले, फोटो, डिझाइन जागच्या जागी राहतात. मात्र इन्स्टॉलरमध्ये होमसमोरची फॉरमॅटची टिक काढलेली आहे ना, हे दोनदा पाहा. व्हार, टेम्प वगैरे (सिस्टीमच्या नोंदी आणि तात्पुरत्या फाइलींचे फोल्डर) वेगळे करायचा सल्ला सर्व्हरसाठी ठीक. ऑफिसच्या मशीनवर एक भरते आणि दुसरे रिकामे पडून राहते.

ईएक्सटी४ फाइल सिस्टीम (लिनक्सची फाइली साठवण्याची पद्धत) ५ टक्के जागा सिस्टीमसाठी राखून ठेवते, म्हणजे ४०० जीबीच्या होममधले २० जीबी. होमसाठी आम्ही ती १ टक्क्यावर आणतो.

विंडोजही ठेवायचे असेल तर सी ड्राइव्ह विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून लहान करतो आणि फास्ट स्टार्टअप (विंडोज पटकन सुरू करण्याची सोय) बंद करतो. ते चालू राहिले तर विंडोज पुरते बंद होत नाही आणि लिनक्समधून त्या ड्राइव्हवर लिहिता येत नाही.

मशीनसोबत विंडोजचा पासवर्ड आणि बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे एन्क्रिप्शन) असल्यास त्याची रिकव्हरी की द्या. बॅकअपची डिस्क मात्र घरीच ठेवा.