निरपेक्ष स्थिरता

कशाच्याही संदर्भाविना, आपल्या आपण स्थिर असण्याची कल्पित अवस्था. इंदूरचा राजवाडा जागचा हलत नाही, हे जमिनीच्या हिशेबाने खरे; पण त्या अक्षांशावरची जमीनच पृथ्वीच्या परिवलनामुळे सेकंदाला सुमारे ४३० मीटर पूर्वेकडे सरकते आणि पृथ्वी सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने धावते.

न्यूटनने १६८७ मध्ये निरपेक्ष अवकाश गृहीत धरला. एकसमान सरळ गती आतून ओळखता येत नाही, हे मात्र त्याच्याच नियमांतून निघते. प्रकाश ज्यातून जातो असे मानलेल्या सर्वव्यापी माध्यमाच्या, म्हणजे ईथरच्या रूपाने ती गती ओळखू येईल अशी एकोणिसाव्या शतकात आशा होती. मायकेलसन व मोर्ले यांना १८८७ मध्ये वेगवेगळ्या दिशांच्या प्रकाशवेगात अपेक्षित फरक सापडला नाही, आणि १९०५ मध्ये आइन्स्टाइनच्या सापेक्षतावादाने ईथरची गरजच उरू दिली नाही.

सापेक्षतावादावर शंका घेणाऱ्यांचा एक आक्षेप वजनदार आहे : भौतिकशास्त्रज्ञ लॉरेंट्झप्रमाणे ईथर मानला, तरी गणिताची उत्तरे तीच येतात. खरे आहे, फक्त तो ईथर मग कुठल्याच उपकरणाला सापडत नाही. ‘सापेक्षतावादच चूक’ म्हणणाऱ्यांची वाट याहून अवघड. इंदूरकराला सापेक्षतावादाचा पुरावा शोधायला दूर जावे लागत नाही. तिथल्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातील ‘इंडस-२’ या कणत्वरकाच्या १७२.५ मीटर परिघाच्या वलयात इलेक्ट्रॉन २.५ अब्ज इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेने फिरतात. न्यूटनच्या सूत्राने त्यांचा वेग प्रकाशाच्या जवळजवळ ९९ पट यावा. प्रत्यक्षात तो प्रकाशवेगाहून सेकंदाला सहा-सात मीटरने कमीच भरतो. सायकलवाला सहज गाठेल एवढाच फरक. इलेक्ट्रॉन सेकंदाला सुमारे १७.४ लाख फेऱ्या मारतात, आणि त्यांना वेळेवर ऊर्जा देणारी रेडिओ लहर याच हिशेबावर जुळवलेली असते. न्यूटनचा हिशेब धरला असता, तर यंत्र चाललेच नसते.

परिवलनाचे प्रकरण वेगळे. फिरत्या बादलीतले पाणी कडेला चढते, म्हणजे फिरणे बाहेर न बघताही कळते. न्यूटनचा हा युक्तिवाद अजून पुरता निकालात निघालेला नाही.

अलीकडे वैश्विक सूक्ष्मलहरी प्रारणाकडे, म्हणजे विश्वाच्या आरंभकाळापासून उरलेल्या, सगळ्या दिशांनी येणाऱ्या प्रारणाकडे, निरपेक्ष स्थिरतेची चौकट म्हणून बोट दाखवले जाते. त्याच्या तुलनेत सूर्यमाला सेकंदाला सुमारे ३७० किलोमीटर वेगाने, साधारण सिंह राशीच्या दिशेने चालली आहे. विश्वाचा अभ्यास करायला ही चौकट सोयीची खरी, पण ती त्या प्रारणाच्या संदर्भातली स्थिरता झाली. भौतिकीचे नियम तिच्यात वेगळे होत नाहीत.